उंच मूल, उलटी सीट : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते. मूल वयाच्या मानाने उंच आहे, कार सीटमध्ये त्याचे पाय मावत नाहीत आणि घरातली मंडळी 'आता फिरवा ती सीट' म्हणून मागे लागली आहेत. मूल गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसतं त्या मांडणीला इथे 'उलटी सीट' म्हटलं आहे. दुकानात तिला रिअर-फेसिंग म्हणतात.

प्रश्न : मुलगा २२ महिन्यांचा आहे. उंची ९१ सेंमी, वजन साडेबारा किलो. उलट्या सीटमध्ये बसवलं की त्याचे पाय गाडीच्या सीटच्या पाठीला टेकतात आणि गुडघे वर येतात. सासूबाई म्हणतात, अपघात झाला तर पाय मोडतील. सीट सरळ करावी का? (पुणे)

उत्तर : पायांसाठी म्हणून करू नका. पाय टेकणं ही उलट्या सीटची मर्यादा कोणत्याच मानकात धरलेली नाही. दोन वर्षांच्या मुलग्याची मध्यम उंची जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सुमारे ८७ सेंमी आहे, त्यामुळे तुमचा मुलगा उंच आहे हे खरंच. पण सीट लहान झाली की नाही हे एकूण उंचीवरून पुरतं कळत नाही. ते ठरतं तीन गोष्टींवर.

पहिली, वजन. सीटच्या बाजूला किंवा तळाशी चिकटवलेल्या लेबलवर उलट्या वापरासाठी जी कमाल मर्यादा दिली असेल ती अंतिम. नव्या युरोपीय मानकाच्या सीटवर उंचीही छापलेली असते आणि तीही तितकीच बंधनकारक.

दुसरी, डोकं. मूल नीट मागे सरकून, पट्टे घट्ट करून बसलेलं असताना त्याच्या टाळूवर एक वही आडवी ठेवा आणि ती सीटच्या कडक कवचाच्या, म्हणजे शेलच्या, वरच्या कडेशी ताडून पाहा. अमेरिकी बनावटीच्या बहुतेक सीटमध्ये टाळूच्या वर निदान एक इंच, म्हणजे अडीच सेंमी, शेल शिल्लक असावं लागतं. युरोपीय पद्धतीच्या अनेक सीटमध्ये टाळू कडेच्या वर जाता कामा नये एवढाच नियम असतो. हेडरेस्ट वर सरकत असेल तर मोजमाप शेलच्या कडेपासून घ्यायचं की हेडरेस्टच्या, हे कंपनीगणिक बदलतं. त्या एका ओळीसाठी तरी पुस्तिका उघडाच.

तिसरी, खांदे. उलट्या सीटमध्ये पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून बाहेर यावे लागतात. समोरून धडक बसली की मूल शेलवरून वरच्या दिशेने घसरतं. पट्टे खांद्याच्या बरेच वरून येत असतील तर घसरणं थांबवायला तिथे काहीच नसतं. सरळ सीटमध्ये नियम नेमका उलट : खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून. सीट फिरवताना पट्ट्यांची उंची बदलायला विसरणं ही नेहमीची चूक आहे.

बसल्यावरची उंची वेगळी मोजा. मुलाला भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर बसवा, डोक्यावर पुस्तक ठेवा आणि भिंतीवर खूण करा. ९१ सेंमीच्या दोन मुलांत एकाचं धड लांब असतं, दुसऱ्याचे पाय लांब. पायांनी उंच असलेलं मूल त्याच सीटमध्ये आणखी कितीतरी महिने बसू शकतं, धडाने उंच असलेल्याची जागा लवकर संपते. आणि मोजण्याआधी तान्ह्या बाळासाठी दिलेली आतली गादी काढली आहे का ते बघा. ती मुलाला दोन-तीन सेंमी वर उचलते, आणि सीट संपली असं वाटणाऱ्या कित्येक घरांत ती दीड वर्षानंतरही तशीच असते.

आता पाय मोडण्याची भीती. समोरच्या धडकेत उलट्या बसलेल्या मुलाचे पाय वर उडतात, पण आदळायला समोर फारसं काही नसतं. पायांच्या दुखापती सरळ बसलेल्या मुलांत जास्त आढळतात, कारण त्यांचे पाय पुढच्या सीटच्या पाठीवर आपटतात. शिवाय पाय मोडला तर तो जुळतो. मानेचा प्रश्न तसा नाही. या वयात मानेचे मणके एकसंध हाड नसतात. हाडाचे तुकडे कूर्चेने जोडलेले असतात आणि ते जुळून यायला वयाची तीन ते सहा वर्षं लागतात. सरळ बसलेल्या मुलाचं धड पट्टे अडवतात, पण डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ओढा मानेवर येतो. कूर्चा ताणली जाते, आतला मज्जारज्जू तेवढा ताण सोसत नाही. उलट्या सीटमध्ये डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी शेलमध्ये दाबली जातात, त्यामुळे मानेवर एकटीवर भार पडत नाही.

गुडघे दुमडून बसण्यात त्याला त्रास होत असेल असं मोठ्यांना वाटतं. आपली मुलं जमिनीवर मांडी घालून तासन्‌तास खेळतात, सीटमध्येही बहुतेक तशीच बसतात. सरळ सीटमध्ये पाय आधाराविना लोंबकळतात, त्याला मात्र कोणी हरकत घेत नाही.

सासूबाईंना सांगायचं तर हेही सांगा : उलट्या सीटची कल्पना १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी मांडली. जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी ज्या तऱ्हेने पाठीवर भार घेत, ते पाहून त्यांना ती सुचली. तिथे मुलांना चारेक वर्षांपर्यंत उलटं बसवण्याची रीत आहे. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सनेही २०१८ साली 'दोन वर्षांपर्यंत' ही वयाची अट काढून, सीटची मर्यादा येईपर्यंत उलटंच बसवा, असं सांगितलं.

प्रश्न : सीटच्या खोक्यावर '०–२५ किलो' असं मोठं लिहिलं आहे. मुलगी सव्वातेरा किलोची झाली. दुकानदार म्हणतो आता फिरवावीच लागेल. मग २५ किलोचं काय? (नाशिक)

उत्तर : दुकानदार बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. खोक्यावरचा आकडा सीटचा एकूण वापर सांगतो, उलट्या वापराची मर्यादा सांगत नाही. जुन्या युरोपीय मानकात, आर४४ मध्ये, सीट वजनाच्या गटांत विभागलेल्या असतात : गट ० म्हणजे १० किलोपर्यंत, ०+ म्हणजे १३ किलोपर्यंत, गट १ म्हणजे ९ ते १८, गट २ म्हणजे १५ ते २५. भारतातलं एआयएस-०७२ हे मानक त्याच धर्तीवर आहे. त्यामुळे इथे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच '०+/१/२' सीट उलट्या फक्त १३ किलोपर्यंत चालतात. अंगाने भरलेलं मूल हा आकडा दोन वर्षांच्या आतच गाठतं.

उलट्या सीटसाठीच्या खुणा बहुधा निळ्या असतात, सरळसाठी लाल. निळ्या खुणेशेजारी जो किलोचा आकडा असेल तोच तुमचा. तो १३ असेल तर 'अजून डोकं मावतंय की' म्हणून पुढे ढकलू नका, कारण त्या वजनापलीकडे सीटची त्या दिशेने चाचणीच झालेली नाही.

नवी घेणार असाल तर दोन प्रकार शोधा. एक, उलट्या दिशेने १८ किलोपर्यंत मान्यता असलेली गट ०+/१ ची सीट. दोन, नव्या युरोपीय मानकाची, म्हणजे आर१२९ किंवा आय-साइझची, लेबलवर उलट्या वापरासाठी १०५ सेंमी लिहिलेली. काही सीट १२५ सेंमीपर्यंतही जातात, पण त्या महाग, जड आणि इथे सहज न मिळणाऱ्या. आय-साइझ शब्द दिसला की निश्चिंत होऊ नका. ते मानक १५ महिन्यांपर्यंत उलटं बसवणं सक्तीचं करतं, त्यापुढे किती हे प्रत्येक सीटवर अवलंबून आहे. दुकानात विचारायचा प्रश्न एकच : 'उलटी लावली तर किती किलो, किती सेंमी?' उत्तर तोंडी घेऊ नका, लेबलवर बोट ठेवून घ्या.

प्रश्न : आमची हॅचबॅक आहे. उलटी सीट बसवली की पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागते की माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. शिवाय कितीही घट्ट केली तरी सीट हलते. (ठाणे)

उत्तर : जागा बहुतेक वेळा कलण्यात अडकलेली असते. तान्ह्या बाळासाठी सीट सुमारे ४५ अंश मागे कललेली लागते, नाहीतर मान पुढे पडून श्वास कोंडू शकतो. दीड-दोन वर्षांचं मूल मान सावरतं, त्यामुळे पुस्तिका परवानगी देत असेल तर सीट बरीच उभी करता येते, अनेक सीटमध्ये उभ्या रेषेपासून ३० अंशांपर्यंत. सीटच्या बाजूला वयानुसार वेगळ्या रेषा किंवा बुडबुडा असतो. गाडी सपाट जागी उभी करून, मोठ्या मुलाची रेष जमिनीला समांतर आणा. याने पुढच्या सीटला चांगली जागा सुटते, आणि मुलाचं डोकंही शेलमध्ये कुठे येतं ते पुन्हा तपासावं लागतं. सीट चालकाच्या मागे न ठेवता डावीकडे ठेवा. मूल फुटपाथच्या बाजूने उतरतं, आणि कमी उंचीची व्यक्ती पुढे बसली की प्रश्न मिटतो.

हलण्याबद्दल : तुम्ही कुठे धरून हलवता? उलट्या सीटचं डोक्याकडचं टोक हलणारच, तिथे तिला काही बांधलेलं नसतं. गाडीचा पट्टा किंवा आयसोफिक्स (गाडीच्या सीटमधल्या धातूच्या दांड्यांना अडकवायची सोय) जिथून जातो तिथे, एका हाताने धरून डावी-उजवीकडे हलवा. तिथे अडीच सेंमीपेक्षा जास्त हलली तरच ढिली.

पट्ट्याने बसवताना सीटच्या बैठकीत गुडघा टेकवून आपलं वजन टाका, आधी कमरेचा पट्टा खेचा, मग खांद्याचा, आणि ढिलाई वर नेऊन संपवा. पट्टा निळ्या मार्गातूनच, कुठेही पीळ न पडता. पट्टा पुरत नसेल तर त्या सीटची आणि गाडीची जोडी जमत नाही. मध्ये जोडपट्टा घालू नका. बकल सीटच्या प्लॅस्टिक कडेवर तिरकं अडकलं असेल तरी तेच, धडकेत ते तुटू किंवा उघडू शकतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण : वरून चढवलेली रेक्झिनची सीट कव्हरं. त्यांच्याखाली मागची बकलं दडपलेली असतात आणि आयसोफिक्सच्या फटी झाकलेल्या असतात. बॅकरेस्ट आणि बैठक यांच्या सांध्यात हात घालून ६ मिमी जाडीच्या दोन धातूच्या दांड्या लागतात का बघा, मध्ये २८० मिमी अंतर असतं. सापडल्या तर कव्हर कापून मोकळ्या करा. सपोर्ट लेग, म्हणजे सीटपासून गाडीच्या तळापर्यंत जाणारा आधाराचा पाय, असलेल्या सीटमध्ये जाड मॅटही काढावी लागते. पाय गाडीच्या टणक तळावर टेकून हिरवी खूण दिसली पाहिजे. तळात सामानाचा कप्पा असेल तर त्याच्या झाकणावर पाय चालत नाही, धडकेत झाकण खचतं. कंपनीने त्यासाठी भराव दिला असेल तरच.

प्रश्न : उलटी बसली की मुलगी घाटात ओकते. सरळ बसवली तर थांबेल का? (कोल्हापूर)

उत्तर : खात्री नाही. सरळ बसलेली मुलंही आंबा घाटात ओकतात. आधी सीट मर्यादेत जितकी उभी करता येईल तितकी करा, म्हणजे तिला मागच्या आणि बाजूच्या काचेतून लांबचं दिसेल. काचेवरचा काळा पडदा घाटापुरता काढा. मोबाइल आणि पुस्तक बंद. निघण्याआधी पोटभर दूध नको, कोरडं हलकं खाणं द्या. औषध हवं असेल तर मात्रा बालरोगतज्ज्ञांकडून वजनानुसार घ्या.

ओकारी झाल्यावरची चूक जास्त महागात पडते : पट्टे वॉशिंग मशीनमध्ये टाकणं, साबणाच्या पाण्यात भिजत घालणं, ब्लीच. यांनी धाग्यांची ताकद कमी होते. ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने जागच्या जागी पुसा. बकलमध्ये अन्न अडकलं तर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे कोमट पाण्याने धुवा, तेल कधीच सोडू नका.

प्रश्न : मुलगी दोन वर्षं चार महिन्यांची, ३८ इंच, ३४ पौंड. इथे सगळे दोन वर्षांनंतर सीट फिरवतात. दिवाळीला नागपूरला येताना हीच सीट आणली तर चालेल का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : न्यू जर्सीचा कायदा दोन वर्षांवर थांबत नाही. दोनपेक्षा लहान आणि ३० पौंडांच्या आतलं मूल उलटंच हवं. त्यापुढे चार वर्षांच्या आतलं आणि ४० पौंडांहून हलकं मूल उलट्या सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा ओलांडेपर्यंत उलटं, मग सरळ, पाच-टोकी हार्नेसमध्ये, म्हणजे सीटच्या स्वतःच्या पाच पट्ट्यांत. तिकडच्या बऱ्याच कन्व्हर्टिबल, म्हणजे उलट्या-सरळ दोन्ही लागणाऱ्या, सीट उलट्या ४० पौंडांपर्यंत चालतात, काही ५० पर्यंत. म्हणजे मुलगी अजून मर्यादेत असण्याची शक्यता आहे. टाळूवरचं एक इंच तेवढं मोजा.

एक गोष्ट मात्र आत्ताच बघा : सीट लॅचच्या, म्हणजे आयसोफिक्ससारख्या अमेरिकी पद्धतीच्या, खालच्या हुकांनी बसवली असेल तर त्या हुकांसाठी मुलाच्या वजनाची वेगळी मर्यादा लेबलवर असते. मूल आणि सीट मिळून ६५ पौंड या हिशेबावर ती काढलेली असते, काही कंपन्या त्याहून कमी ठेवतात. ३४ पौंडांवर तुम्ही तिच्या जवळ आहात. मर्यादा आली की सीट तीच, उलटीच, फक्त हुक काढून गाडीच्या पट्ट्याने बसवायची. दोन्ही एकदम वापरू नका, पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर.

नागपुरात अडचण पट्ट्याची येईल. अमेरिकी गाड्यांत पट्टा पूर्ण बाहेर ओढला की आत जाताना टकटक करत अडकत जातो आणि तसाच कुलूपबंद राहतो. भारतातल्या बहुतेक गाड्यांत ही सोय नसते, तिथला पट्टा फक्त झटक्याला अडकतो. त्यामुळे सीट घट्ट केली तरी वळणावळणाला ढिली होते. सीटला स्वतःचं लॉक-ऑफ, म्हणजे गाडीचा पट्टा घट्ट धरून ठेवणारी पकड, असेल तर ते लावा. नसेल तर एच आकाराची धातूची लॉकिंग क्लिप सोबत आणा. ती कमरेचा आणि खांद्याचा पट्टा एकत्र धरते, आणि बकलच्या जिभेपासून अडीच सेंमीच्या आत बसवावी लागते. गाडीत आयसोफिक्सच्या दांड्या असतील आणि वजन मर्यादेत असेल तर लॅचचे हुकही त्यांना लागतात. घरच्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा : जी गाडी ठरवाल तिच्या मागच्या सीटची बकलं कव्हरखालून वर काढून ठेवा. विमानतळावर रात्री दोन वाजता ते जमत नाही.

नोव्हेंबरात न्यू जर्सीत फुगीर जॅकेट घालून पट्टे आवळू नका. धडकेत जॅकेट चेपतं आणि पट्टे ढिले पडतात. पातळ स्वेटरवर पट्टे बांधा, गळपट्टीच्या हाडावर पट्ट्याची चिमूट पकडता येत नाही इतके घट्ट, छातीची क्लिप काखेच्या रेषेत, आणि जॅकेट उलटं करून वरून पांघरा.

प्रश्न : मागे एकटी रडते म्हणून उलटी सीट पुढे, चालकाशेजारी बसवली तर? की आजी मांडीवर घेऊन मागे बसली तर बरं? (पणजी)

उत्तर : दोन्ही नको. पुढची एअरबॅग उघडते ती थेट उलट्या सीटच्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्यामागे. त्या फटक्याने मुलं दगावली आहेत. २०२१ अखेरपासून भारतातल्या नव्या गाड्यांत ही एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे 'आमच्यात नसेल' असं गृहीत धरू नका.

मांडीचा हिशेब करून बघा. ताशी ५० किमी वेगाची गाडी धडकून दशांश सेकंदात थांबली तर १४ किलोचं मूल त्या क्षणी सुमारे दोनशे किलोच्या जोराने पुढे ओढलं जातं. आजींना मुलीशेजारी बसवा, त्यांचाही पट्टा लावून. कायद्याने, मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४ब नुसार, १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे.

प्रश्न : मोठ्या भावाची सहा वर्षांपूर्वीची सीट धाकट्यासाठी वापरू का? (सोलापूर)

उत्तर : शेलच्या तळाशी बनावटीची तारीख कोरलेली असते, शेजारी वापराची मुदत, बहुधा सहा ते दहा वर्षं. मुदत उरली असेल, गाडीला अपघात झालेला नसेल, लेबल आणि पुस्तिका शाबूत असेल तर वापरा. प्लॅस्टिकवर पांढऱ्या रेषा दिसल्या तर नको.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा, ९९ सेंमी. वजनही संपलं, डोकंही शेलच्या वर गेलं. दुसरी उलटी सीट घेणं शक्य नाही. आता सरळ करताना काय काय बदलायचं? (सातारा)

उत्तर : मग फिरवा, त्यात अपराधी वाटण्याचं कारण नाही. पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वर न्या. गाडीचा पट्टा निळ्याऐवजी लाल मार्गातून घ्या. कलणं सरळ वापरासाठी सांगितलेल्या खाचेत आणा. मग वरचा टेदर, म्हणजे सीटच्या माथ्यामागचा पट्टा, लावा. सरळ सीटमध्ये डोकं पुढे किती फेकलं जातं हे त्याच्यावर बरंचसं अवलंबून असतं, आणि नेमका तोच लोंबकळत राहतो. त्याची कडी हॅचबॅकमध्ये बहुधा मागच्या सीटच्या पाठीवर डिकीच्या बाजूने असते, सेडानमध्ये मागच्या काचेखालच्या फळीवर झाकणाखाली. डिकीतला पिशव्या अडकवायचा हुक तसाच दिसतो, पण तो प्लॅस्टिकचा किंवा पातळ पत्र्याचा असतो, त्याला टेदर लावू नका. गाडीच्या पुस्तिकेत कडीची जागा नांगराच्या चिन्हाने दाखवलेली असते. टेदर गाडीच्या हेडरेस्टच्या खालून न्यायचा की वरून, हेही तिथेच पाहा. गरज असेल तर हेडरेस्ट काढून डिकीत ठेवा, मोकळं मागच्या सीटवर टाकू नका.